वैचारिक निबंध कसा शिकवावा? नववी-दहावीच्या शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत, उत्तरपत्रिका जमा करायला गेल्यावर, कधी रात्री फोनवर मराठीचे शिक्षक मला हे प्रश्न विचारत आले आहेत. उत्तरे माझ्या वर्गातल्या अनुभवातून दिली आहेत. काही प्रश्नांवर मला खूप बोलायचे आहे, काहींचे उत्तर दोन ओळींत संपते.

वैचारिक निबंध आणि बाकीचे निबंध यांत खरा फरक कोणता?

'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिणाऱ्या मुलाला कोणी "नाही, तसे नाही" म्हणत नाही. 'मी नदी बोलतेय' लिहिणाऱ्या मुलीशीही कोणी वाद घालत नाही. वैचारिक निबंधात मात्र समोर 'नाही' म्हणणारा माणूस बसलेला असतो. तो दिसत नसला तरी प्रत्येक वाक्य त्याला ऐकवायचे असते. हा माणूस मुलांच्या डोळ्यांसमोर उभा करता आला की शिकवण्याचे अर्धे काम झाले असे समजा. दहावीच्या कुमारभारतीत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांतून एक निवडायचे असते, ८ गुणांसाठी. बहुतेक मुले पहिल्या दोहोंकडे वळतात, कारण वैचारिक लेखन म्हणजे जड शब्द असे त्यांच्या मनात बसलेले असते. ते तसे नाही, हे त्यांना आपणच दाखवायचे आहे.

'मोबाईल: शाप की वरदान' या विषयावर साठ मुले तोच निबंध लिहितात. काय करू?

विषय बदला. दोष मुलांचा नाही, विषयाचा आहे. 'शाप की वरदान' या साच्याचे उत्तर आधीच ठरलेले असते: दोन परिच्छेद फायदे, दोन परिच्छेद तोटे आणि शेवटी "वापर कसा करतो यावर सारे अवलंबून आहे". या वाक्याला जगातला कोणताही माणूस 'नाही' म्हणणार नाही. मग मुलाने कोणाला पटवायचे, आणि का?

विषय निवडताना मी चार गोष्टी पाहतो. प्रश्न 'करावे का?' असा हवा. निर्णय घेणारे कोणीतरी हवे: मुख्याध्यापक, ग्रामपंचायत, एसटीचे आगार, घरातले आजोबा. दोन शहाण्या माणसांचे त्यावर एकमत होऊ नये. आणि मुलांना पुरावा आपल्या डोळ्यांनी गोळा करता यावा. 'पर्यावरणाचे रक्षण' हा विषय या चाळणीतून गळतो. 'आपल्या आठवडी बाजारात प्लॅस्टिकच्या पिशव्या देणाऱ्याकडून ग्रामपंचायतीने दंड घ्यावा का?' हा टिकतो. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठरलेला आहे, आणि तरीही बाजारात भाजी पातळ पिशवीतच मिळते. कायदा एकीकडे आणि टोपली घेऊन बसलेली मावशी दुसरीकडे. तिची दिवसाची कमाई किती आणि दंड किती, हे मुले शनिवारी स्वतः विचारून येऊ शकतात.

'दहावीच्या वर्षी खेळाचा तास बंद करावा का?' हाही माझा आवडता विषय. पण सगळ्यांत जास्त उपयोग मला शाळेच्या वेळेच्या विषयाचा झाला. राज्य सरकारने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवावेत असा निर्णय घेतला. लहानग्यांची झोप हे त्यामागचे कारण होते. मग नववी-दहावीच्या सकाळच्या शाळेचे काय? प्रश्न फळ्यावर लिहिला की वर्ग आपोआप दोन तट पाडून बसतो. एसटीने येणारी मुले एकीकडे. शाळा सुटल्यावर दुकानावर किंवा शेतात जाणारी मुले दुसरीकडे. एकाच इमारतीत दोन सत्रे चालतात, मग दुपारच्या वर्गांनी कुठे बसायचे? आणि मार्च-एप्रिलमधल्या उन्हाचे काय, हा प्रश्न विदर्भातले मूल पहिल्या मिनिटालाच विचारते. पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी हाच विषय घेणार आहे.

भूमिका एका वाक्यात लिहायला सांगितली तर मुले गडबडतात.

मी आधी एक अक्षर शिकवतो: 'च'. फळ्यावर तीन वाक्ये लिहितो.

मोबाईलमुळेच मुले अभ्यासात मागे पडतात.
मोबाईलमुळे मुले अभ्यासात मागे पडतात.
मोबाईलमुळेही मुले अभ्यासात मागे पडतात.

मग विचारतो, यांतले कोणते वाक्य सिद्ध करणे सर्वांत अवघड? थोड्या वेळात कोणीतरी सांगते की पहिले. 'च' लावला की बाकीची सगळी कारणे खोडून काढण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. 'ही' लावला की ओझे हलके होते, पण वाक्याची धारही जाते. मराठीने दाव्याची ताकद एका अक्षरात ठेवली आहे आणि आपली मुले ते अक्षर चटणीसारखे कुठेही वाढतात. 'सर्व', 'नेहमी', 'कधीच नाही', 'बऱ्याचदा' यांचेही असेच. पहिला मसुदा झाला की मुलांना आपल्याच निबंधातल्या प्रत्येक 'च'भोवती गोल करायला सांगा आणि प्रत्येक गोलापाशी विचारा: हा तुला पेलणार आहे का?

भूमिकेचे वाक्य साधे असावे. "आमच्या शाळेचे सकाळचे सत्र सात ऐवजी आठ वाजता भरवावे, कारण बाहेरगावच्या मुलांची झोप आणि पहिले दोन तास दोन्ही वाया जातात." काय करावे आणि का, एवढे आले की पुरे.

परिच्छेद फुलत नाही. मुले तेच वाक्य फिरवून लिहितात. 'मुद्दा वाढव' म्हणजे नक्की काय सांगू?

हा खरा प्रश्न आहे. नुसते 'मुद्दा वाढव' सांगितले तर मूल शब्द वाढवते. मला याचे उत्तर न्यायशास्त्रातल्या, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातल्या, अनुमानाच्या पाच पायऱ्यांत सापडले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. त्याचे जुने उदाहरण मुलांना लगेच कळते. डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा). कारण तिथे धूर दिसतो (हेतू). जिथे धूर तिथे आग, जसे स्वयंपाकघरात (उदाहरण). या डोंगरावरही तसाच धूर आहे (उपनय). म्हणून डोंगरावर आग आहे (निगमन).

आमच्या मुलांच्या परिच्छेदात बहुतेक वेळा चौथी पायरी गळालेली असते. सर्वसाधारण नियम ते सांगतात, निष्कर्ष सांगतात, पण नियम आपल्या डोंगराला आणून लावत नाहीत. हा परिच्छेद पाहा:

"शाळा उशिरा भरवली पाहिजे. झोप आरोग्यासाठी खूप महत्त्वाची आहे. झोप पूर्ण झाली नाही तर अभ्यासात लक्ष लागत नाही. म्हणून शाळा उशिरा भरवली पाहिजे."

यात खोटे काही नाही. पण 'नाही' म्हणणारा माणूस शांतपणे म्हणतो, "मग रात्री लवकर झोपा." परिच्छेद तिथेच आडवा होतो. आता हाच मुद्दा वर्गाने फळ्यावर मिळून पुन्हा लिहिला तेव्हा असा झाला:

"आमच्या वर्गातल्या ५२ मुलांपैकी १९ जण बाहेरगावाहून एसटीने येतात. त्यांची गाडी पावणेसहाला सुटते, म्हणून त्यांना पाचच्या आत उठावे लागते. लवकर झोपा असे सांगणे सोपे आहे. पण यांतल्या बऱ्याच घरांत माणसे शेतातून परतल्यावर चूल पेटते आणि जेवणे साडेनऊच्या आत होत नाहीत. म्हणजे या मुलांची झोप दोन्ही बाजूंनी कापली जाते आणि त्यांपैकी फक्त सकाळची बाजू शाळेच्या हातात आहे."

यात एकही जड शब्द नाही. 'म्हणजे'ने सुरू होणारे शेवटचे वाक्य म्हणजे उपनय. जमवलेली माहिती ते मागणीशी बांधते. मुलांच्या वहीत समासात मी दोनच शब्द लिहितो: "मग काय?" प्रत्येक पुराव्यानंतर या प्रश्नाचे उत्तर दिले की परिच्छेद वाढतो, आणि तो पाणी न घालता वाढतो.

विसाव्या शतकात, १९५८ मध्ये, इंग्लंडमधील तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनीही दावा आणि पुरावा यांना जोडणाऱ्या दुव्यावरच बोट ठेवले होते. परदेशातल्या अनेक शाळांत त्यांचीच मांडणी शिकवली जाते. मी धुराचे उदाहरण पसंत करतो, कारण उसाचे पाचट पेटवलेले प्रत्येक मुलाने पाहिले आहे.

मुले 'एका सर्वेक्षणानुसार ८० टक्के...' असे ठोकून देतात. अडवावे का?

अडवावे, आणि ठामपणे. परीक्षेत परीक्षक तपासायला जाणार नाही म्हणून अनेकजण याकडे काणाडोळा करतात. मला ते पटत नाही. पंधराव्या वर्षी आकडा बनवायची सवय लागली तर पुढे तो हात थांबत नाही, आणि अशा बनवलेल्या आकड्यांनी भरलेले निरोप आपण रोज मोबाईलवर वाचतो आहोत.

त्याऐवजी मुलांना स्वतः मोजू द्या. वर्गात हात वर करायला लावून मिळालेला "५२ पैकी १९" हा आकडा कोणत्याही बनावट ८० टक्क्यांपेक्षा वजनदार असतो, कारण तो विचारणाऱ्याला दाखवता येतो. बाजारात दहा विक्रेत्यांशी बोललात तर "दहापैकी सात जणांनी सांगितले" असे लिहा. "सर्व विक्रेते म्हणतात" असे लिहू नका. वर्तमानपत्रातले वाचले असेल तर वर्तमानपत्राचे नाव लिहा. आठवत नसेल तर आकडा न देता मुद्दा मांडा. आजीने सांगितलेली गोष्टही पुरावा असते. फक्त ती एका घराची गोष्ट आहे हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

म्हणी, सुविचार, कवितेच्या ओळी घालू द्याव्यात का?

घालू द्या, पण पुरावा म्हणून नाही. म्हण ऐकणाऱ्याला जवळ आणते, सिद्ध काही करत नाही. हे पटवायला मी दोन म्हणी शेजारी लिहितो: 'कर नाही त्याला डर कशाला' आणि 'सुक्याबरोबर ओलेही जळते'. पहिली म्हणते निरपराध्याने घाबरू नये, दुसरी म्हणते तोही भरडला जातो. शाळेत सीसीटीव्ही बसवावा की नाही या वादात दोन्ही बाजूंना हवी ती म्हण मिळते. मग निकाल म्हणीने कसा लागेल?

सुरुवातीला चार ओळींची कविता लिहून जागा भरण्याची पद्धत मात्र मी बंद केली आहे. पहिल्या दोन वाक्यांत प्रश्न समोर यावा.

विरुद्ध बाजू लिहिली तर आपली बाजू कमकुवत होते, असे मुलांना वाटते. पालकही तसेच म्हणतात.

आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडायचा, मग त्याचे खंडन करायचे आणि शेवटी सिद्धान्ताशी यायचे, अशी पद्धत होती. पूर्वपक्ष लुटुपुटीचा मांडला तर तो चर्चा करणाऱ्याचा दोष ठरे. मुलांना मी एकच कसोटी देतो: तुझ्याविरुद्ध असलेल्या मुलाला तुझा पूर्वपक्ष वाचून दाखव. "हो, मला हेच म्हणायचे आहे," असे तो म्हणाला तरच पुढे लिही.

या प्रकारचा एक अस्सल नमुना आपल्याच भाषेत आहे आणि तो एका विद्यार्थिनीने लिहिलेला आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, १४ वर्षांच्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. त्यात ती विरोधकांना नुसते टोमणे मारून थांबत नाही. वेद आमचेच, ते आम्हीच वाचावेत, हे त्यांचे म्हणणे ती धरून ठेवते आणि त्याच्या टोकापर्यंत चालत जाते. तसे असेल तर आमच्याजवळ धर्मपुस्तक नाही, आणि पुस्तक नाही तर आम्ही धर्मरहित ठरतो. मग आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे. समोरच्याचे वाक्य मान्य करून ते त्याच्याच अंगणात नेऊन ठेवायचे ही रीत किती अवघड, आणि ती एका नववीच्या वयाच्या मुलीने साधली! हा निबंध मी दरवर्षी वर्गात मोठ्याने वाचतो. वाचताना दरवेळी माझा आवाज जड होतो आणि वर्ग गप्प होतो.

पूर्वपक्षाला उत्तर देण्याच्या तीन वाटा मुलांना सांगाव्यात. तो चुकीचा आहे असे दाखवणे. तो खरा आहे, पण आपल्या प्रश्नाला लागू होत नाही असे दाखवणे. किंवा तो खरा आहे आणि लागूही होतो, म्हणून आपली मागणी थोडी बदलणे. तिसरी वाट घेणाऱ्या मुलांना मी सर्वांत जास्त गुण देतो. दोन सत्रांची अडचण मान्य करून "निदान डिसेंबर-जानेवारीत तरी सकाळचे सत्र आठला भरवावे" असे लिहिणारा मुलगा हरलेला नसतो. त्याने 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला अर्ध्या वाटेवर गाठलेले असते.

वक्तृत्वात बक्षिसे मिळवणारी मुले निबंधात कमी का पडतात?

भाषणात आवाज आणि हात जोडणीचे काम करतात. कागदावर ते काम 'कारण', 'म्हणून', 'असे असले तरी', 'मान्य आहे की' या शब्दांना करावे लागते. अशा मुलांना त्यांचेच भाषण लिहून आणायला सांगा आणि हे शब्द किती वेळा आले ते मोजायला लावा. 'मित्रांनो' हा शब्द त्याहून जास्त वेळा आलेला सापडेल.

जात, आरक्षण, धर्म अशा विषयांवर लिहू द्यावे का?

वर्षाच्या सुरुवातीला नाही. जिथे हरलो तरी घाव बसत नाही अशा विषयांवर आधी हात बसू द्या. नंतर मुलांनी स्वतः विषय काढला तर दाबू नका. मुक्ता साळवे वाचून झाल्यावर तो निघतोच. तेव्हा माझे दोन नियम असतात. वर्गातल्या कोणाही मुलाच्या घराचा, आडनावाचा उल्लेख नाही. आणि माणसांविषयी नाही, निर्णयाविषयी लिहायचे. एका वर्षी हे नियम आधी न सांगता मी चर्चा सुरू केली आणि मागच्या बाकावरची एक मुलगी त्यानंतर आठवडाभर माझ्या तासाला बोलली नाही. ती चूक माझी होती आणि तिच्याशी बोलून मला ती मान्य करावी लागली.

मुले वऱ्हाडी, अहिराणी, मालवणीत विचार करतात. प्रमाणभाषेत आले की मुद्दा हरवतो.

मग पहिला मसुदा बोलीतच लिहू द्या. वाद घालण्याचे सगळे कौशल्य मुलांकडे आधीपासून असते; बांधावरची भांडणे ऐकून ते आलेले असते. "असं कसं म्हन्ता तुमी, मंग आमच्या पोरायनं जावाव कुटं?" या एका वाक्यात खंडनही आहे आणि परिणामही. मुद्दा पक्का झाला की तो प्रमाणभाषेत नेणे हे वेगळे, सोपे काम. पहिल्या मसुद्यावर ऱ्हस्व-दीर्घाचे लाल शेरे मारू नका. मी बरीच वर्षे तेच केले. मुले शुद्ध आणि निर्जीव लिहायला शिकली.

साठ वह्या तपासायच्या कशा?

एका वेळी एकच गोष्ट तपासा. या आठवड्यात फक्त भूमिकेचे वाक्य, पुढच्या आठवड्यात फक्त 'मग काय?'चे उत्तर. एका वहीला मिनिट-दीड मिनिट लागते. बाकीचे वाचन मुलांनी जोडीने करावे: वाचणाऱ्याने 'नाही' म्हणणारा माणूस व्हायचे आणि समासात एकच हरकत लिहायची. हरकत लिहिणाऱ्यालाही मी गुण देतो.

गाईडमधून किंवा चॅटजीपीटीवरून उतरवून आणतात. कसे ओळखू?

ओळखत बसू नका. लेखन वर्गातच करून घ्या आणि विषय असा द्या की गाईडला तुमच्या गावाची एसटी माहीत नसेल. शिवाय निबंध दिल्यावर मुलाला उभे करून एक हरकत घ्या. स्वतः लिहिलेले मूल अडखळत का होईना, पण उत्तर देते.

परीक्षेत एवढे सगळे बसते का?

सगळे बसत नाही. भूमिका, दोन फुललेले मुद्दे, एक प्रामाणिक पूर्वपक्ष आणि त्याचे उत्तर, एवढे बसते. लिहिण्याआधी पाच मिनिटे कच्च्या कामाच्या जागेत 'नाही' म्हणणाऱ्याचे एक वाक्य लिहायची सवय लावा. विषय 'शाप की वरदान' छापाचा आला तर मुलाने तो स्वतः अरुंद करून घ्यावा: "मी येथे फक्त दहावीच्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलविषयी बोलणार आहे." शेवटी मुद्द्यांची उजळणी नको. काय करावे आणि कोणी करावे हे सांगून थांबावे.

लिहिलेल्या निबंधाचे पुढे काय करावे?

ज्याला पटवायचे आहे त्याच्याकडे पाठवावे. शाळेच्या वेळेवरचे निबंध आम्ही मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला दिले. त्यांतूनच मुलांनी एसटी आगाराला एक अर्ज लिहिला: पावणेसहाची गाडी निदान अर्धा तास उशिरा सोडावी. त्यात १९ मुलांचा आकडा होता, चूल पेटण्याची वेळ होती, आणि गाडी उशिरा सुटली तर चालक-वाहकांची पाळी बदलावी लागेल हा पूर्वपक्षही होता. तीन आठवड्यांनी उत्तर आले. गाडीची वेळ बदलता येणार नाही, कारण त्याच गाडीने पुढच्या तीन गावांचे दूधवाले संकलन केंद्रावर जातात आणि केंद्र सात वाजता बंद होते. पत्र वाचून झाल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने वही उघडली आणि आपल्या पूर्वपक्षाखाली लिहिले: "दूध." मग मान वर करून विचारले, "सर, दूधवाल्यांशी बोलायला शनिवारी जाऊ का?"